दारावरची भिंत

कुंदाताई, दारावरची भिंत ठीक आहे. रविवारी सकाळी पाहिली. वसुंधरेच्या केसांपाशी बसवलेला पापुद्रा जागेवर आहे. खाली चौकटीच्या कोपऱ्यात पांढरी पूड पडलेली नाही. हीटर मंद चालू आहे, म्हणजे आजान विसरलेले नाहीत. एरवी हे मी तुम्हाला बाहेर येऊन पायरीवरच सांगितलं असतं आणि तुम्ही दोन उलटे प्रश्न विचारून मला परत आत पाठवलं असतं. या वेळी पायरीवर तुम्ही नव्हता, म्हणून लिहितो आहे.

तुमचं नागपूरचं शिक्षण, डेट्रॉइटच्या गाड्यांच्या रंगांची प्रयोगशाळा, नोव्हायचं घर, मागे राहिलेली मुलगी, हे सगळं मंडळाच्या शोकपत्रकात आलं आहे. मी तपासलं, बरोबर आहे. एक गोष्ट त्यात नाही, कारण ती तशा पत्रकात बसत नाही. ज्या भिंती तुम्ही वाचवल्या, त्या इमारतीत तुम्ही कधी पाऊल ठेवलं नाही.

या अंकाच्या सगळ्याच वाचकांना ती जागा माहीत नसेल. नोव्हायपासून पश्चिमेला तासभर गाडी चालवली की मक्याची शेतं लागतात, आणि त्यांच्यामध्ये थाई लोकांनी विकत घेतलेलं एक शेतघर. भिक्खू तिथे राहतात. त्याच्यामागे उभ्या छपराची एक छोटी इमारत आहे. नव्या भिक्खूला उपसंपदा, म्हणजे संघातली पूर्ण दीक्षा, द्यायची ती जागा. आपल्या शब्दांत उपसंपदागृह. थाई मंडळी नुसतं 'बोत' म्हणतात. तिथले मुख्य भिक्खू म्हणजे आजान. आजान म्हणजे गुरुजी. त्यांची स्वतःची उपसंपदा उत्तर थायलंडमधल्या एका खेड्यातल्या जुन्या बोतमध्ये झाली. तो बोत किती जुना, हे गावात कोणालाच सांगता येत नसे. भिंतींवर वरपासून खालपर्यंत चित्रं होती. छप्पर खचलं तेव्हा गावानं तो पाडायचं ठरवलं, आणि पाडण्याआधी तिथल्या दोन चित्रकारांनी सगळ्या भिंतींवर पातळ कागद लावून रेषा उतरवून घेतल्या. त्या कागदांच्या गुंडाळ्या घेऊन ते दोघे मिशिगनला आले आणि दोन उन्हाळे राहून त्यांनी इथल्या भिंती रंगवल्या. मूळ भिंती आता नाहीत. कागदही उमटवताना फाटले. त्या चित्रांचं जे काही जगात उरलं आहे, ते मिशिगनमधल्या मक्याच्या शेतात आहे.

चित्रांबरोबर गावचा नियमही आला. उत्तरेकडच्या त्या जुन्या बोतमध्ये बायका जात नसत. इथेही बायकांनी पायरीपर्यंत यायचं, पुढे नाही.

आपली ओळख एका चुकीवरून झाली. मंडळाच्या अंकात मी या चित्रांवर लिहिलं आणि त्यांना तैलचित्रं म्हटलं. तुमचा फोन आला. नमस्कार वगैरे काही नाही. "संपादक, तुम्हीच लिहिलंय की भिंतीला हात लावला तर बोटाला रंग लागतो. तेलरंग कधी बोटाला लागतो का हो?" मी विचारलं, तुम्ही चित्रं पाहिली आहेत का. तुम्ही म्हणालात, नाही, पण तुमचा लेख नीट वाचलाय. पुढच्या अंकात मी दुरुस्ती छापली. त्यानंतरच्या रविवारी तुम्ही स्वतःच तिथे आलात, आणि पायरीशी तुम्हाला नियम कळला.

तुम्ही वाद घातला नाहीत. भिक्खू आत वंदना म्हणत होते. तुम्ही खालच्या पायरीवर बसलात आणि बाहेरून त्यांच्यासोबत म्हणायला लागलात. शब्द तेच पाली, चाल नागपूरची. आतले लोक एकेक अक्षर लांबवत होते, तुम्ही सरळ पुढे जात होता आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांच्यासाठी थांबत होता. शेजारी पा सोम्सी बसल्या होत्या. पा म्हणजे मावशी. तिथलं स्वयंपाकघर त्या चालवतात. त्या मान वळवून तुमच्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग सरकून त्यांनी तुम्हाला जागा करून दिली. ती जागा पुढे तुमचीच झाली.

मग माझं काम सुरू झालं. मी आत जायचं, बघायचं, बाहेर येऊन सांगायचं. मी फोटो काढून आणले, एका तासात धुवून मिळणारे. तुम्ही ते चाळून परत दिलेत. फ्लॅशनं सगळं सपाट होतं, म्हणालात. मला रंग सुटतोय कुठे ते हवंय, आणि ते तुम्ही बघून सांगा. आयुष्यभर मी वार्ताहरांना विचारत आलो की पाहिलंस का ऐकलंस, आणि आता तोच प्रश्न मला पायरीवर बसलेली एक बाई विचारत होती. भेग केसाएवढी की नखाएवढी. कडा वर वळल्यात की आत. वास येतो का. मी म्हटलं, ओलसर, जरा आंबूस, घोंगडीसारखा. तुम्ही लगेच म्हणालात, "चिंचोके. घोंगडीला देतात तीच खळ. त्यांनी रंग चिंचोक्याच्या खळीत कालवलाय." आजानना विचारलं तर तसंच निघालं.

चित्रांतले प्रसंगही मी तुम्हाला असेच सांगितले. समोरच्या भिंतीवर बुद्ध स्वर्गातून खाली उतरतो आहे, एका बाजूला इंद्र, दुसऱ्या बाजूला चार तोंडांचा ब्रह्मदेव. तुमच्या कपाळाला आठी पडली. "हे इथेही आलेच का? बावीस प्रतिज्ञा घेतल्यात मी." मग विचारलंत, करतायत काय ते? मी सांगितलं, इंद्र शंख वाजवतो आहे, ब्रह्मदेव बुद्धावर छत्री धरून उभा आहे. तुम्ही म्हणालात, "छत्री धरून? मग राहू दे. कामाला आहेत." पा सोम्सींना हे इंग्रजीतून समजावताना तुम्ही इतक्या हसलात की आतून कोणीतरी डोकावून गेलं.

दारावरच्या भिंतीबद्दल मात्र तुम्ही हसला नाहीत. आत गेल्यावर मागे वळून वर पाहिलं तरच ती दिसते. पायरीवरून कितीही वाकलं तरी नाही. तिच्यावर मार, बुद्धाला ढळवू पाहणारा त्याचा वैरी, आपलं सैन्य घेऊन चालून आला आहे, आणि मधोमध धरणीमाता वसुंधरा उभी राहून आपले लांब केस पिळते आहे. त्या पाण्याच्या लोंढ्यात मार, हत्ती, भाले, सगळं वाहून चाललं आहे. तुम्ही ते सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हणजे आत एक बाई आहेच."

रंग सुटत होता तोही तिच्याच केसांपासून.

तिथल्या समितीत निम्मे थाई आणि निम्मे आपले, आणि दोन्हीकडचे बहुतेक गाड्यांच्या कारखान्यांत. असे लोक एकत्र आले की जे सुचायचं तेच सुचलं: चित्रांवर क्लिअरकोट, गाड्यांना देतात तो पारदर्शक थर, मारून टाकू. गाडीच्या बॉनेटवर टिकतो, तर भिंतीवर का नाही. स्प्रेगनही कोणीतरी आणली होती. तुम्ही पायरीवरून निरोप पाठवलात की आधी खाली जमिनीजवळ हातभर जागेवर मारून पाहा आणि एक हिवाळा थांबा. कोणाला ते पटलं नाही. तुम्ही आजानना बाहेर बोलावून दोनच वाक्यं सांगितलीत: गाडीचा पत्रा श्वास घेत नाही, भिंत घेते. आजाननी हातभर जागेवरच मारून थांबायला सांगितलं. फेब्रुवारीत तो हातभर कोट दुधावरच्या सायीसारखा वर आला आणि खालचा तांबडा रंग सोबत घेऊन आला. त्यानंतर समितीत तुमचं नाव जरा हळू आवाजात घेतलं जाऊ लागलं.

त्याच हिवाळ्यात दारावर फुगा आला. रविवारपुरता हीटर जोरात, बाकी आठवडा बंद. छपरावरचा बर्फ वितळून दारावरच्या वळचणीला पुन्हा गोठत होता आणि पाणी भिंतीत शिरत होतं. हे कारण तुम्ही मला दोनदा छपराकडे बघायला लावून शोधलंत. पण कारण सापडलं म्हणून फुगा खाली बसत नाही. वसुंधरेच्या केसांखालचा थर भिंतीपासून सुटला होता. मी बोट लावलं तर आत पोकळ आवाज आला. ते मी तुम्हाला सांगितलं. म्हणालात, हे सांगून होणार नाही, हाताला कळायला हवं.

आजान बाहेर आले. मी तिथेच होतो. ते म्हणाले, समितीशी बोललो आहे, इलेक्ट्रिशियन येतो, प्लंबर येतो. तुम्ही तज्ज्ञ म्हणून आलात तर कोणाची हरकत नाही. तुम्ही बूट काढले होते. एक पाय वरच्या पायरीवर होता. तुम्ही विचारलंत, "सगळ्या बायकांना, की फक्त मला?"

आजान खोटं बोलत नाहीत. ते म्हणाले, फक्त तुम्हाला, कामापुरतं.

तुम्ही खाली बसून बूट परत घातलेत.

परत येताना गाडीत आपलं जे भांडण झालं, ते अजून संपलेलं नाही, म्हणून माझी बाजू इथे मांडतो. मी म्हणालो, नियम असेच मोडतात. आधी एक अपवाद, मग दुसरा, मग नियम कुठे गेला ते कोणाला आठवत नाही. आमच्या वर्तमानपत्रात मैदानावर वार्तांकनाला पहिली बाई 'या सामन्यापुरती' गेली आणि नंतर क्रीडापान तिनंच चालवलं. शिवाय भिंत थांबणार नाही. ती पडली तर तुमचं तत्त्व राहील आणि चित्र जाईल.

तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. म्हणालात, "माझे वडील रंगारी होते, संपादक. एका देवळाचा गाभारा रंगवायला त्यांना आत घेतलं होतं. सगळे आदरानं बोलले, चहासुद्धा दिला. रंग वाळला तसे बाहेर. पुढे त्याच देवळासमोरून जाताना ते आम्हाला सांगायचे, आतला निळा मी दिलाय. आम्ही तो कधी बघितला नाही." थोड्या वेळानं म्हणालात, "तुमच्या त्या बाईला 'यापुरती' हे पहिल्यांदाच मिळत होतं. आमच्या घरात ते जुनं आहे. तुम्हाला कुठे अडवलंय कुणी कधी?"

कुठेच नाही. मी तसं म्हणालोही.

पण भिंतीची गोष्ट तुम्ही सोडली नाहीत. तुम्ही जाणार नव्हता, तर हात तयार करावे लागणार होते. तुमच्या गॅरेजमध्ये तुम्ही लाकडी चौकटींवर तसाच गिलावा केलात, चिंचोक्याच्या खळीत रंग कालवून लावलात, फ्रीजरमध्ये गोठवून आणि ओव्हनमध्ये तापवून त्यांच्यावर तसेच फुगे आणलेत. मग आजानना तिथे बोलावलंत. भिक्खूला बाईबरोबर एकट्यानं बसता येत नाही, म्हणून तिसरा माणूस हवा; ती नेमणूक माझी. बाईच्या हातून भिक्खू काही घेत नाही, म्हणून ते समोर एक रुमाल पसरायचे, तुम्ही ब्रश त्यावर ठेवायचा, मग ते उचलायचे. पहिल्या दिवशी तुमचा चेहरा मी पाहिला. तिसऱ्या खेपेला तुम्ही ब्रश, सुई, टिश्यू, खळीची वाटी, सगळं एकदमच रुमालावर मांडून ठेवलंत आणि म्हणालात, असंच आमच्या लॅबमध्येही करायला हवं, कोणाच्या हातातून काही सांडणार नाही. आजान हसले. तुम्ही हसला नाहीत, पण पुढच्या वेळी त्यांच्यासाठी चहा केलात, आणि तोही रुमालावरच ठेवलात.

ते चांगले विद्यार्थी निघाले. फुग्याला सुईएवढं भोक, त्यातून पातळ खळ, वर टिश्यू, मऊ ब्रशनं मधून कडेकडे दाबत जायचं. जास्त दाबलं तर रंग तडकतो, कमी दाबलं तर पोकळी राहते. तुम्ही डोळे मिटून आवाज ऐकायचात आणि सांगायचात, अजून थोडं. बर्फ वितळल्यावर त्यांनी शिडीवर चढून खऱ्या भिंतीवर ते केलं. दार उघडं होतं. मी शिडी धरली होती आणि दिसेल ते मोठ्यानं सांगत होतो. तुम्ही पायरीवर पाठमोऱ्या बसून उत्तरं देत होता. पा सोम्सी तुमच्या शेजारी मिरच्या निवडत होत्या. मध्येच त्यांनी तुम्हाला विचारलं की मला नाही वाटत आत जावंसं, तुला का वाटतं? ती जागा जड आहे, आमच्या आयाही गेल्या नाहीत. तुमचं उत्तर मला शिडीपाशी ऐकू आलं: तुम्ही जाऊ नका, पण ते तुम्ही ठरवा. दारानं ठरवू नये.

निघताना पा सोम्सींनी तुम्हाला मिरचीच्या चटणीची बरणी दिली. पुढच्या आठवड्यात तुम्ही त्यांना ठेचा नेऊन दिलात. तुम्ही दोघीही मला वेगवेगळ्या वेळी सांगत होता की दुसरीचं तिखट काही खरं नाही.

उन्हाळ्यात तुमचा आजार निघाला. शेवटचं बोलणं हॉस्पिटलमध्ये. तुम्ही भिंतीचं विचारलंत, मी सांगितलं. कडा बसल्या आहेत, केसांचा काळा रंग एका जागी जरा फिका आहे. तुम्ही म्हणालात, फिका राहू दे, वरून रंगवायचा नाही. कुठे दुरुस्त केलंय ते दिसायला हवं.

मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली नाही. आजाननी वसंतातच नियमाचा विषय काढला होता. प्रत्येक वृद्धाशी ते स्वतः जाऊन बोलत होते, बायकांशीही. मला ते ठाऊक होतं. पण निर्णय झाला नव्हता, दोन घरं नाराज होती, आणि न झालेली बातमी मी देत नाही. तुम्हीही न संपलेल्या चाचणीचा निकाल कोणाला सांगितला नसता. तुम्ही डोळे मिटले होते. सांगायला वेळ होता, खुर्चीही जवळ होती. मी तुम्हाला हवेबद्दल काहीतरी सांगितलं आणि निघालो.

आता निर्णय झाला आहे, म्हणून देतो.

गेल्या रविवारी तुमच्यासाठी परित्राण पठण, म्हणजे भिक्खूंचं सूत्रपठण, होतं. तुमची प्रज्ञा सांता क्लाराहून आली होती. तिनं तुमची राखाडी शाल घेतली होती. नोव्हायहून आपल्या बऱ्याच जणी आल्या होत्या, आणि नेहमीप्रमाणे सगळ्या हिरवळीवर उभ्या राहिल्या. आजान दारात आले आणि प्रज्ञाला म्हणाले, आत ये. तुझ्या आईनं वाचवलेली भिंत बघ.

त्या दिवशी पायरीवर काय झालं होतं, हे तुम्ही तिला सांगितलं नव्हतं. मी नंतर विचारलं. मीही कधी सांगितलं नव्हतं. तिनं बूट काढले नाहीत. मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "एव्हरीवन, ऑर जस्ट मी?"

आजान म्हणाले, "एव्हरीवन. आजपासून."

तिनं बूट काढले. तिच्यामागून आपल्या बायका गेल्या, संकोचत, पदर सावरत, एकमेकींना पुढे करत. मग काही थाई मुली. दोन घरं आली नव्हती, तेही नोंदवतो. पा सोम्सी उठल्या नाहीत. मीही बाहेरच थांबलो. आत पुरेसे डोळे होते.

पठण संपल्यावर प्रज्ञा बाहेर आली आणि माझ्याशेजारी बसून बूट घालायला लागली. डोळे लाल होते. म्हणाली, "काका, इट्स सो स्मॉल. आईनं सांगितलं होतं तो हॉल केवढा मोठा होता." मी तुम्हाला मापं बरोबर दिली होती, कुंदाताई. फुटांत दिली होती, आणि तुम्ही ती दोनदा विचारून घेतली होती.

मग पा सोम्सींनी तिला काही विचारलं. त्यांचं इंग्रजी तिला पहिल्यांदा कळलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. इतकी वर्षं दर रविवारी त्या फुलं ओवून माळा करतात आणि दारात कोणा पुरुषाच्या हाती देतात. आत गेल्यावर त्या माळा कुठे ठेवतात? मूर्तीच्या पायाशी, की बाजूला?

प्रज्ञा म्हणाली, "आय डिडन्ट नोटिस. थांबा मावशी, बघून येते." एका बुटाची नाडी बांधून झाली होती. ती तिनं सोडली, बूट काढले आणि परत आत गेली. कोणाला विचारलं नाही.